कडू घास कुणी आणला

माझी बायको हौसा गेली, ही बातमी भावकीला तासाभरात लागली. खांदा द्यायला सगळे आले, कारण गाव बघत होतं. ओढ्यावरनं अंघोळी करून जो तो आपापल्या घरी गेला. माती झालेल्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. भावकीनं पिठलं-भाकरी आणायची, दोन घास बळंच खायला लावायचे, त्याला आम्ही कडू घास म्हणतो. दिवस मावळेस्तोवर मी ओसरीवर बसलो... एवढी मोठी भावकी, चतकोर आला नाही.

याला दीड महिना झाला. मी चौथी शिकलेला, गोड लिहिता येत नाही.

आम्ही विट्याकडली माणसं सोनं-चांदी गाळायला मुलूखभर पांगलेली. खोटं कशाला बोलू, आमच्यासारखी एकी दुसरीकडं नाही. परक्या शहरात गावाचं नाव सांगा, भट्टीवर निजायला जागा आणि पुढ्यात ताट. मीसुद्धा त्रिचनापल्लीला असाच जगलो. पुढं माझी भट्टी झाली आणि वीस वर्षं ते ताट हौसानं वाढलं. ज्यांना सोनं वितळवायची मूस धड धरता येत नव्हती त्यांना तिनं तापात पेज पाजली. आज त्यांच्या भट्ट्या पार कानपूरपर्यंत हायत.

सहा-सात वर्षांमागं तिथं धोंडिराम आला. गावच्याच बौद्ध वस्तीतला. दारात उभं राहून त्यानंही गावाचं नाव सांगितलं. हौसानं त्याचं ताट पंगतीतच मांडलं. आठ जण जेवत होते, आठांचे हात थांबले. मी हळूच म्हणालो, त्याला भाईर वाढ. ती सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "आवं, तुमचं गाव आन् त्याचं गाव दोन हायती व्हय? उठायचं त्यानं उठावं. ताट हलायचं न्हाई."

आठही उठले. मीपण उठलो... दुसऱ्या दिवशी मीच धोंडिरामला गाडीत बसवून परत धाडलं. हौसा महिनाभर माझ्याशी बोलली नाही. आठांनी गावाला पत्र घातलं. तेव्हापासून गावात तिच्या हातचं पाणी कुणी घेतलं नाही. शेवटच्या दुखण्यात गावी न्या म्हणाली म्हणून आणलं, तर एक बाई उंबरा चढली नाही. तिनं मात्र कुणापुढं मान खाली घातली नाही.

त्या दिवशी कडू घास घेऊन आली ती धोंडिरामची बायको. अंगणातच थांबली होती. मी तिला घरात घेतलं आणि जेवलो.

नवव्या दिवशी माझा चुलतभाऊ तात्या आला. "गड्या, चूक झाली म्हण. बाराव्याची पंगत भावकी मांडंल."

"मांडा की तात्या. पयलं ताट धोंडिरामचं."

तात्यानं चप्पल घातली. बाराव्याला मी, धोंडिराम नि त्याची बायको, आम्ही तिघंच जेवलो. माफ करायला मी काही साधू नाही.

हा धंदा भावकीबाहेर शिकवायचा नाही, अशी आमच्यात बोली हाय. ती मी मोडली. धोंडिरामला नि त्याच्या बायकोला घेऊन त्रिचनापल्लीला आलो, हे भट्टीवर बसूनच लिहितोय. धोंडिरामचा हात माझ्यापेक्षा स्थिर हाय. हौसाच्या चुलीवर त्याची बायको रांधते, आणि येईल त्याच्यासाठी एक ताट जास्तीचं धुऊन ठेवते, हौसा ठेवायची तसंच.

तात्याचा थोरला लेक पोट भरायला इकडंच निघालाय म्हणं. येऊ दे. गावाचं नाव सांगितलं की ताट मिळंल. वाढणारीकडं बघून उठायचं असंल तर खुशाल उठावं... ह्या शहरात आमच्या गावाची दुसरी भट्टी न्हाई.