नवरीचा मामा आणि वितीवरचा चेंडू

गोल्फमध्ये हरणं अगदी सोपं असतं, असं मला माझ्या मुलीने सांगितलं होतं. तेवढ्या एका भरवशावर मी रविवारी सकाळी पांढरी टोपी घालून घराबाहेर पडलो.

झालं होतं असं, की आमच्या मुक्ताने पुण्यात स्वतःचं स्वतः जमवलं होतं. मुलगा अनिकेत आम्हाला पसंत होता. त्याच्या आईला मुक्ता पसंत होती. राहिले होते त्याचे वडील. ते निवृत्त कर्नल, नगरलाच बंगला बांधून राहिलेले, आणि ते ‘हो’ही म्हणत नव्हते, ‘नाही’ही म्हणत नव्हते. शेवटी त्यांचा निरोप आला, “गुंजाळसाहेबांना म्हणावं रविवारी गोल्फला या, तिथेच बोलू.” माणूस मैदानात कळतो, असं त्यांचं मत होतं. माझं सावेडीत पंप आणि पाइपचं दुकान आहे. मैदानात मी शेवटचा उतरलो होतो तो शाळेच्या कवायतीला, आणि तिथेही चक्कर येऊन पडलो होतो.

शनिवारी मुक्ताने मला हॉलमध्ये उभं करून धडा दिला. काठीने चेंडू मारत मारत लांबच्या भोकात घालायचा, ज्याला कमी फटके लागतील तो त्या भोकापुरता जिंकला, एवढं मला समजलं.

“आणि आता महत्त्वाचं,” ती म्हणाली. “चेंडू भोकापासून वितीभर राहिला की समोरचा म्हणतो, ‘दिला’. म्हणजे तो आत गेला असं धरायचं आणि उचलायचा. मैत्रीच्या खेळात अशी रीत असते.”

“आणि नाही म्हणाला तर?”

“तर घालायचा. पण आपण मागायचं नाही, बाबा. मागणं वाईट दिसतं. आणि त्यांचा जवळ आला की तुम्ही लगेच द्या. आणि प्लीज, जिंकू नका.”

“जिंकेन कुठून? मला काठी कुठल्या टोकाने धरायची ते कळत नाहीये.”

“बरंच आहे,” आमची मंडळी स्वयंपाकघरातून म्हणाली. “पण एकटे जाऊ नका. भानुदासला बोलवा.”

भानुदास म्हणजे माझा मेहुणा. शेवगावच्या बाजारात त्याची कापसाची आडत आहे. नवरीच्या मामाशिवाय लग्नाची बोलणी होत नाहीत, हे खरंच. पण भानुदासला कुठेही न्यायचं तर मी आधी दहादा विचार करतो, कारण तो मनात येईल ते बोलतो आणि त्याच्या मनात फार येतं. सकाळी तो पांढऱ्याशुभ्र लेंग्या-सदऱ्यात आणि टोपीत हजर झाला. हातात व्याह्यांसाठी भाजलेल्या हुरड्याचा डबा.

शहराबाहेरच्या त्या मैदानावर कर्नलसाहेब आमची वाटच पाहत होते. मिशा, ताठ पाठ, आणि एक काठ्यांची पिशवी त्यांची, एक माझ्यासाठी. “तुम्ही दोघं मिळून एक बाजू,” ते म्हणाले. “फटके गुंजाळसाहेब मारतील, सल्ला मामांनी द्यावा.” मी पिशवी उचलायला वाकलो तर भानुदास धावला. “ऱ्हाऊ द्या दाजी. आमच्या जिवंतपनी तुमी वझं उचलायचं व्हय?” दाजीवरच्या या प्रेमाने मला भरून आलं. (ती पिशवी किती जड असते हे तेव्हा आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.)

आमच्याकडे पाण्याची ओरड, त्यामुळे भोकाभोवती टीव्हीत दिसते तशी हिरवळ नव्हती. तेल घातलेली काळपट वाळू सारवल्यासारखी सपाट केली होती. भानुदासने ती वाळू पाहिली, मधलं भोक पाहिलं आणि जाहीर केलं, “दाजी, ही गल! ह्या तर गोट्या हायत! मोठ्या मान्सांच्या.”

पहिल्या भोकापर्यंत जायला मला किती फटके लागले ते सांगत नाही. मी काठीने वाळू मारली, बाभळ मारली, एकदा स्वतःचा बूट मारला. ज्या दिशेला बघून मारावं ती दिशा सोडून चेंडू बाकी सगळीकडे जात होता. कर्नलसाहेब मोठ्या मनाचे. “पहिलाच दिवस आहे, हे मोजू नका,” असं म्हणत ते माझे फटके माफ करत गेले. शेवटी माझा चेंडू भोकापासून वितीवर थांबला. थांबलाही नसेल, तोवर ते म्हणाले, “दिला!”

आता मी नवरीचा बाप. मुलाकडच्यांकडून काही घ्यायचं आणि परत करायचं नाही, हे आमच्या सात पिढ्यांत झालेलं नाही. त्यांचा चेंडू दोन विती लांब होता. मी म्हणालो, “दिला!”

त्यांचा चेहरा खुलला. पुढच्या भोकाला माझा चेंडू तीन वितींवर असताना ते म्हणाले, “दिला.” मी त्यांना काठीभर अंतरावरून दिला. मग त्यांनी मला दोन काठ्यांवरून दिला. एकदा सुरुवात झाल्यावर मला थांबता येईना. पंगतीत पाहुण्याच्या पानात जिलबी टाकताना हात थांबतो का? चौथ्या भोकाला तर मी वाळू सुरू होण्याच्या आधीच “दिला, दिला” म्हणून हात जोडले. कोणाचा चेंडू कुठल्याच भोकात जात नव्हता. सगळी भोकं बरोबरीत सुटत होती आणि आम्ही एकमेकांना ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ करत पुढे चाललो होतो. मनात मी लग्नाचं कार्यालयसुद्धा ठरवून टाकलं.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली होती. स्वतःचा चेंडू भोकाजवळ थांबला की कर्नलसाहेब त्याच्याकडे जात नसत. ते बुटाची नाडी बांधत. आभाळाकडे बघत. एकदा तर त्यांनी टिटवीची चौकशी केली. माझा ‘दिला’ आला की मग चटकन उचलत. मला वाटलं, काय हा संयम! मागायचं नाही म्हणजे नाही.

इकडे भानुदासचं बिनसत चाललं होतं. तिसऱ्या भोकापासून तो पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत होता. पाचव्याला त्याने ती फरफटत आणायला सुरुवात केली.

“दाजी,” तो माझ्या कानाशी म्हणाला, “सकाळधरनं च्या न्हाई. नवरीचा मामा हाय मी, हमाल न्हाई.”

“हळू बोल. मी घेतो पिशवी.”

“तुमी कशी घेनार? लोक काय म्हन्तील?”

“मग गप्प बस.”

“गप बसतो. पर ह्यो खेळ न्हाई. एकबी गोटी गलीत गेली न्हाई अजून.”

शेवटच्या भोकाला आम्ही पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. तिथेही फटके बरोबरीत होते (माझे अर्धे माफ झालेले). माझा चेंडू भोकापासून वितीवर. कर्नलसाहेबांचाही वितीवर, दुसऱ्या बाजूला. ते म्हणाले, “आधी माझा बघू,” आणि नाडी बांधायला वाकले. मी ‘दिला’साठी तोंड उघडलं.

“न्हाई,” भानुदास म्हणाला.

कर्नलसाहेब वाकलेल्या अवस्थेतच थांबले.

“न्हाई दिला. घाला की सायेब. एवढा तर एवढासा हाय.”

मी त्याचा सदरा ओढला. “अरे, दिला म्हण!”

“आपन एक बाजू ना? मग माझा न्हाई म्हंजे आपला न्हाई.”

कर्नलसाहेब सरळ झाले. त्यांनी रुमालाने हात पुसले, काठी धरली, सोडली, पुन्हा धरली. त्यांनी मारला आणि चेंडू भोकाच्या कडेने पलीकडे गेला. पलीकडून मारला, तो अलीकडे आला. मी डोळे मिटून घेतले. आणखी एकदा काठीचा आवाज आला, मग आणखी एकदा, आणि मग कुठे चेंडू आत पडल्याचा आवाज आला. मुक्ताचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर आला आणि मला खरंच रडू फुटायच्या बेतात होतं.

“आता तुम्ही,” कर्नलसाहेब म्हणाले. त्यांनी ‘दिला’ म्हटलं नाही.

म्हणजे हा चेंडू मी घातला तर मी जिंकणार होतो. व्याह्यांना, त्यांच्याच मैदानावर, त्यांची फजिती झाल्यावर! मी ठरवलं, हा चुकवायचा. अगदी सगळ्यांना दिसेल असा चुकवायचा. भोक डावीकडे होतं. मी उजवीकडच्या बाभळीच्या बुंध्यावर नजर रोखली आणि तिकडे मारला.

सकाळपासून मी बघेन त्या दिशेला चेंडू एकदाही गेला नव्हता, हे मी नेमकं तेव्हा विसरलो.

चेंडू डावीकडे वळला, कडेवर क्षणभर रेंगाळला आणि आत पडला.

“गेली गलीत!” भानुदास ओरडला. मग माझं तोंड बघून त्याने टोपी काढून हातात घेतली.

कर्नलसाहेब भोकाकडे बघत होते. मी माफीची वाक्यं जुळवत होतो. मग त्यांच्या मिशा हलल्या, आणि ते हसायला लागले. असे हसले की त्यांना बाभळीला टेकावं लागलं.

“मामा,” ते म्हणाले, “किती वर्षं झाली, मला वितीवरचा चेंडू कोणी घालायला लावला नाही. सगळे देतात. मी कर्नल ना! मला वाटायला लागलं होतं, मला तो घालता येतो.”

“न्हाई येत,” भानुदास म्हणाला.

“नाही येत,” ते खुशीत म्हणाले. “घरातही सगळे असेच ‘दिला, दिला’ करतात.” मग त्यांनी भानुदासच्या खांद्यावरून पिशवी काढून स्वतःच्या खांद्यावर घेतली. “खरं सांगा मामा, मुलगी कोणावर गेलीये? वडिलांवर की मामावर?”

“मामावर. लई फाटक्या तोंडाची हाय.”

“मग ठरलं. अशी सून घरात हवीच.”

मी तिथेच उभा होतो. मला कोणी काही विचारलं नव्हतं, पण मला इतका आनंद झाला की मी भानुदासला मिठी मारली आणि चुकून कर्नलसाहेबांनाही मारली. बाभळीखाली बसून आम्ही हुरडा खाल्ला. भानुदासने व्याह्यांना आग्रह करकरून वाढला आणि त्यांनीही एकदा ‘नको’ म्हटलं नाही.

तेवढ्यात मुक्ताचा फोन आला. “बाबा, काय झालं?”

“ठरलं!”

पलीकडे एक किंकाळी. मग ती म्हणाली, “तुम्ही ग्रेट आहात, बाबा. हरलात ना नीट?”

“नाही गं,” मी म्हणालो. “चुकून जिंकलो.”

मागून तिच्या आईचा आवाज स्पष्ट ऐकू आला, “तरी मी म्हटलं होतं, ह्यांना काही सोपं सांगू नकोस.”