उणे तीनच्या उजवीकडे

दीड महिना झाला. नांदेडला दुपारचं जेवून मी लवंडलो होतो, तेवढ्यात हदगावहून दादाचा फोन आला. "बाळू, तुझी वहिनी गेली रे..." मी तसाच उठलो आणि मिळेल ती एसटी पकडली.

वहिनी अंगणवाडीत मदतनीस. बारावीला गणितात नापास झाल्या आणि त्याच उन्हाळ्यात लग्न होऊन आमच्या घरी आल्या. पोरं मोठी झाल्यावर, चाळिशीत, त्यांनी सतरा नंबरचा फॉर्म भरला, बाहेरून बारावी. गणित सोडता येत होतं, पण म्हणाल्या, "ज्यानं मला पाडलं, त्यालाच पाडनार हाय, भाऊजी." शिकवायला मी, कारण घरात बीएस्सी मी एकटाच! दर रविवारी एसटीनं जायचो, आधी धपाटे हाणायचो, मग ज्ञान द्यायचो.

एका रविवारी असमीकरणं काढली. −२x < ६. मी ऐटीत दोन्ही बाजूंना उणे दोननं भागलं आणि लिहिलं, x < −३. वहिनी तव्यापाशी बसून वहीकडं बघत राहिल्या.

"भाऊजी, शून्य टाकून बघितलं. वरच्या ओळीत बसतंय, खालच्या ओळीत बसंना."

"बसेल, बसेल."

"अन् उणे पाच खाली बसतंय, तर वर धा होऊन राहिले. धा कधी सहापेक्षा लहान असतेत का?"

उणे संख्येनं भागलं की चिन्ह फिरतं, हे बीएस्सीवाला विसरला होता... मी जन्मभर नियम पाठ केले. त्या मात्र प्रत्येक उत्तर परत गणितात घालून बघायच्या, भाताचं शीत दाबून बघावं तसं. चिन्ह फिरवून त्यांनी एक घातला, शंभर घातला, लाख घातला. सगळे बसले. "आगं बाई! एका गणिताला इतके उत्तरं?" म्हणाल्या, आणि तव्यावरचं धपाटं करपलं.

त्या पास झाल्या. त्या बारावीच्या जोरावर पुढं मदतनीसाच्या सेविकाही झाल्या.

दहाव्यानंतर दादानं मला कोठीतली पोती हलवायला बोलावलं. पोत्यांमागं भिंतीवर खडूनं काढलेली संख्यारेषा होती. उणे तीनवर पोकळ गोल, कारण ते स्वतः उत्तरात येत नाही. मी असतो तर हटकून भरीव काढला असता. तिथून रेघ उजवीकडं निघालेली, कोपऱ्यात वळून दुसऱ्या भिंतीवर गेलेली.

"हितंच बसायची अभ्यासाला," दादा म्हणाला. "म्या म्हनलं, भिंत कशाला खराब करून राहिली? तर म्हने, उत्तर संपत न्हाई, मग रेघ कशी संपवू?"

रेघ दाराच्या चौकटीला जाऊन भिडली होती. तिथं बाण, बाहेरच्या दिशेनं. मी तिकडं बघत उभा राहिलो... अंगण, रस्ता, पलीकडं सोयाबीनचं रान, पार नजर जाईल तिथवर.

पोती आम्ही पुन्हा तिथं लावली नाहीत.