हेड न उतरवता काढलेला प्लग

आमच्या व्हॅनचा स्पार्क प्लग रोह्याच्या गॅरेजात तुटला तेव्हा मी तिथेच उभी होते. मी तेव्हा पेणच्या कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते. त्या शनिवारी सुट्टी होती, म्हणून बाबांबरोबर आले होते. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे गॅरेजवाला म्हणाला की गाडी आली तेव्हाच प्लग तुटलेला होता.

बाबा वडखळच्या नाक्यावरून कंपनीच्या शिफ्टची माणसं रोह्याला न्यायचे आणि आणायचे. त्या फेरीवर आमचं घर चालायचं, माझं कॉलेजही. गेले काही दिवस गाडी मिसिंग मारत होती. चढावर धापा टाकायची, धक्के द्यायची. शनिवारी सकाळची शिफ्ट सोडल्यावर बाबांनी ती सरळ गॅरेजात घातली.

पुढची सीट उचलली की खाली इंजिन. गॅरेजवाल्याने एका प्लगची वायर काढली आणि आत बोट घालून बघितलं. बोटाला तांबूस-पांढरी खपली लागली.

"इथे पाणी कोण ओततो, काका?"

"पाणी नाय," बाबा म्हणाले. "नारळाचं हाय. दसऱ्याला."

हे खरं होतं. दसऱ्याला सगळेच गाडी धुतात, हार घालतात, चाकाशी नारळ फोडतात. आमचे बाबा आणखी एक करायचे. सीट उचलून नारळाचं पाणी थोडं इंजिनावरही घालायचे. मिठागरात वाढलेला माणूस. लोखंडाला आपली गरज कळते, त्याला मान दिला पाहिजे, असं त्यांना मनापासून वाटायचं. ते गोड पाणी दरवर्षी त्या एका प्लगच्या खळग्यात साचत होतं, वरून आमच्याकडची खारी हवा. प्लग आत गंजून बसला होता.

गॅरेजातली माणसं हसली. "एवढी पूजा केली, इंजिन समाधीतच गेलं की हो!" मी खाली बघितलं. मला बाबांची लाज वाटली नाही असं मी म्हणू शकत नाही.

पण हसत हसतच त्या माणसाने पान्यावर लांब पाइप चढवला आणि जोर लावला. इंजिन अजून तापलेलं होतं, हात टेकवत नव्हता. ताप उतरू द्यावा, थोडं तेल सोडावं, काही नाही. कट असा आवाज झाला. पान्यात प्लगचा वरचा भाग आला. आट्यांचा भाग इंजिनाच्या वरच्या झाकणात, हेडात, तसाच राहिला.

"गेला," तो म्हणाला. "आधीच तुटलेला होता. आता हेड उतरवायला लागेल, लेथ मशीनवर न्यायला लागेल. आठवडाभर गाडी राहू दे इथे."

बाबांनी तिथूनच कंत्राटदाराला फोन लावला. शिफ्टच्या गाड्या तोच ठरवायचा. तो एवढंच म्हणाला, "सोमवारी सकाळच्या शिफ्टला गाडी नाक्यावर नसली तर मी दुसरी लावतो. मग ती काढता येणार नाही." बाबा "बरं शेठ" म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

मला बोलायची सवय नाही. वर्गात उत्तर येत असलं तरी माझा हात वर जात नाही. पण बाबा गाडीची चावी त्या माणसापुढे धरत होते आणि मी म्हटलं, "चावी देऊ नका."

"का गो?"

"गाडी घरी नेऊ या."

गॅरेजवाला माझ्याकडे बघून म्हणाला, "घरी नेऊन काय करणार? तुम्ही लोकांनी मीठ पिकवावं. इंजिनात हात घालू नये."

मला त्याला काही सुनवायचं होतं. मी बाबांच्या हातातली चावी घेतली, एवढंच.

मामाचा टेंपो बोलावला आणि व्हॅनला टोचन लावून निघालो. हायवेचं काम तेव्हाही चालू होतं. खड्डा आला की दोर ताणायचा, सैल पडायचा, पुन्हा ताणायचा. नागोठणं मागे पडेपर्यंत बाबा व्हॅनचं स्टिअरिंग धरून दोराकडेच बघत होते. मग म्हणाले, "चूक माझी हाय. त्याला बोलून काय?"

"गंज आपल्यामुळे चढला," मी म्हटलं. "तोडला त्याने. दोन्ही वेगळं आहे, बाबा."

मी हे म्हटलं खरं, पण प्लग कसा काढायचा हे मला माहीत नव्हतं. बाबांशेजारी बसल्या बसल्या मोबाइलवर शोधत होते. रेंज यायची, जायची. एका व्हिडिओत बाहेरच्या देशातला एक माणूस तुटलेला प्लग काढताना दिसला, पण त्याच्याकडे त्यासाठीचं खास हत्यार होतं. निमुळतं, चौकोनी धारेचं. तुटलेल्या भागाच्या पोकळीत ते ठोकून बसवायचं आणि उलटं फिरवायचं. आमच्याकडे ते कुठून असणार? पण निमुळतं आणि चौकोनी काय असतं, हा विचार करत राहिले. बाबांच्या पेटीत जुनी कानस होती. तिची मूठ निघून गेली होती आणि मुठीत जाणारी शेपटी उघडी होती. निमुळती, चौकोनी.

संध्याकाळी इंजिन पार थंड झाल्यावर बाबांनी त्या खळग्यात तेल आणि रॉकेल सोडलं. रात्रभर मुरू दिलं.

रविवारी सकाळी आई हमरापूरहून कारखान्याचा कॉम्प्रेसर घेऊन आली. आई तिथे गणपती रंगवते. "दुपारपर्यंत परत देयाचा हाय, सांगून ठेवते," ती म्हणाली. रंगाच्या बंदुकीची नळी खळग्यावर धरली आणि हवा सोडली, तर आधी गुलाबी रंगाचा फवारा उडाला. मागच्या मूर्तीचा रंग नळीत राहिला होता. बाबांचं कपाळ, माझा कुर्ता, सीटची उलटी बाजू, सगळं गुलाबी. आई इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मग गंजाची पूड निघाली आणि आतला तुकडा स्वच्छ दिसू लागला. मधली चिनीमातीची कांडी सैल झाली होती. ती मी पकडीने अलगद वर ओढून घेतली. आट्यांचं नुसतं लोखंडी कडं उरलं.

एव्हाना कुंपणापाशी शेजारची काकी येऊन उभी राहिली होती. "कालेजात हेच शिकिवतात काय गो?"

"बघायचं असल तर गप बस," आई म्हणाली. "नायतर भाकऱ्या थापायला जा."

"भाकऱ्या झाल्या माझ्या," काकी म्हणाली आणि ओट्यावर बसली.

कानशीची शेपटी कड्यात ठोकली. पाना लावला. बाबांनी जोर लावला, हललं नाही. पुन्हा लावला. शेपटी थोडी घसरली. बाबांच्या कपाळाची शीर वर आली आणि त्यांनी मागे वळून पंपाचा लोखंडी पाइप उचलला. पान्यावर चढवायला.

मी त्यांचा हात धरला. "नाय. पाइप नाय."

"मग कसा निघंल?"

"त्याने पाइपच लावला होता."

बाबांनी माझ्याकडे रागाने बघितलं. काकीसमोर मी त्यांना अडवलं होतं. कालची चावी सोडली तर मी बाबांना कधी नाही म्हटलं नव्हतं. तरी मी सोडलं नाही. आज ती शेपटी आत तुटली असती तर मग खरंच हेड उतरवावं लागलं असतं आणि सोमवार गेला असता. शिवाय गॅरेजवाला जे बोलला होता ते खरं ठरलं असतं. मला ते खरं ठरू द्यायचं नव्हतं.

"आधी मागे," मी म्हटलं. "आवळायच्या बाजूला. जरासं. मग सोडायच्या बाजूला जरासं. तेल टाका."

बाबांनी पाइप खाली ठेवला.

मागे, पुढे. तेल. मागे, पुढे. दुपारी कारखान्यातून कॉम्प्रेसरसाठी फोन आला, आईने "जेवून आणते" सांगून ठेवून दिला. मी पाना धरत होते, मग बाबा, मग पुन्हा मी. एकदा कर्रर्र असा घाणेरडा आवाज झाला आणि मला वाटलं तुटलं. पाना हातभर फिरला होता. तुटलं नव्हतं. सुटलं होतं.

कडं बाहेर आलं. बाबांनी ते तळहातावर घेतलं, वास घेतला आणि पुसून खिशात टाकलं. नळी आत घालून आम्ही सिलिंडरमधली गंजाची पूड फुंकून काढली. नवीन प्लग मी हातानेच फिरवला. आटे शाबूत होते, तो आपला आपण बसत गेला. चावी फिरवल्यावर मागून पांढरा धूर निघाला, तेल जळत होतं. थोड्या वेळाने धूर सरला आणि इंजिन एका सुरात चालू लागलं.

सोमवारी वडखळच्या नाक्यावर मला पेणची गाडी पकडायची होती, म्हणून मी बाबांबरोबरच निघाले. नाक्यावर दुसरी व्हॅन उभी होती. शिफ्टची माणसं तिच्यात बसूनही झाली होती. कंत्राटदार बाजूला चहा पीत होता.

"अरे, झाली का दुरुस्त?" तो म्हणाला. "काल कळवायचं ना. मी सांगून बसलो यांना."

बाबांच्या तोंडून "बरं शेठ" निघणार हे मला दिसत होतं. मी म्हटलं, "तुम्ही सोमवारी सकाळी नाक्यावर म्हणाला होतात." माझा आवाज फार मोठा नव्हता. "आज सोमवार आहे. गाडी नाक्यावर आहे."

तेवढ्यात कंपनीत साफसफाईचं काम करणाऱ्या एक मावशी दुसऱ्या व्हॅनमधून उतरल्या. "हिच्यात माझं ढोपर मावत नाय," त्या म्हणाल्या आणि डबा सांभाळत आमच्या गाडीत येऊन बसल्या. त्यांच्यामागून आणखी काही जण आले. सगळे आले नाहीत. दोन पोरं कानात वायरी घालून तिथेच बसून राहिली.

कंत्राटदाराने चहाचा कप ठेवला. "बरं, आजच्यापुरतं ने."

बाबा स्टिअरिंगवर बसले होते. हातावर अजून गुलाबी डाग होते. त्यांनी गाडी चालू केली, गिअर टाकला आणि खिडकीतून म्हणाले, "आजच्यापुरतं नाय, शेठ. रोज."

उत्तराची वाट न बघता ते निघाले.