पंचवीस जणींनी एकदम श्वास घेतला

न उलगडलेल्या अनुभवांच्या या सदराचा मी वाचक नाही. बायको वाचते, आणि मी चहा पिता पिता हसतो. लहानपणी आई दृष्ट काढायची, आणि मिरच्यांचा ठसका आला नाही की गंभीर चेहरा करून म्हणायची, "बघ, केवढी लागली होती!" मी म्हणायचो, मिरच्या जुन्या असतील. असा मी. त्यात बीएस्सीला फिजिक्स, आणि आवाज या विषयात आपल्याला कुणी फसवू शकत नाही ही घमेंड. त्यामुळे हे लिहायला बसलोय ते बायकोच्या आग्रहावरून, आणि थोडं मनावरचं ओझं उतरवायला.

मी कर्जतला राहतो. समूहगानासाठी संगीत लिहितो... म्हणजे पंचवीस-तीस माणसांनी एकाच वेळी वेगवेगळे सूर धरून गायचं, तसलं. कर्जतमध्ये हे सांगितलं की लोक विचारतात, "म्हणजे ऑर्केस्ट्रा का? हळदीचे कार्यक्रम घेता का?" पुण्याच्या एका कॉलेजने, मुंबईच्या एका गायकवृंदाने माझ्याकडून रचना लिहून घेतल्या आहेत. पहिला प्रयोग होतो, हार-नारळ मिळतो, आणि मग ती रचना कपाटात जाऊन बसते. दुसरा प्रयोग सहसा कुणी करत नाही.

दोन वर्षांपूर्वी मोहोपाड्याच्या एका कॉलनीतल्या सांस्कृतिक मंडळाने मला बोलावलं. त्यांच्या हॉलची डागडुजी झाली होती, आणि उद्घाटनाला काहीतरी नवीन हवं होतं. कॉलनीतल्या सोळा जणी गाणाऱ्या होत्या. त्यांच्या प्रमुख सुलभाताई, शाळेतून निवृत्त झालेल्या आणि अजूनही शाळेत असल्यासारख्या. मी सुचवलं, खालापूरकडच्या एखाद्या गावातलं महिला भजनी मंडळही सोबत घेऊ. सुलभाताईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, पण हो म्हणाल्या.

गावातल्या दहा जणी तयार झाल्या त्या यमुनामावशींमुळे. पासष्टीच्या पुढच्या, अंगाने काटकुळ्या, पण आवाज असा मोकळा की पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी पेन खाली ठेवलं. रचनेचं नाव 'पाणवाटा' होतं. शब्द म्हणजे फक्त ओढ्यांची, पऱ्ह्यांची नावं, प्रत्येकीने आपापल्या माहेरची आणि सासरची सांगितलेली. निम्मी नावं मावशींचीच. काही ओढे तर आता उरलेलेही नाहीत.

मावशींना दमा होता. पहिल्याच तालमीनंतर त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मास्तर, मी आता भजनात पुढं बसत नाय. दम लागतो. सुनेच्या मागं बसून टाळ वाजवते. ह्या गान्यात मला एकदा शेवटपर्यंत गाऊ द्या. मंग काय मागायची नाय."

मी म्हटलं, "गाल की, मावशी. त्यात काय!"

आता रचनेचा शेवट सांगायला हवा, कारण सगळं त्याच्यावरच आहे. शेवटी शब्द संपतात आणि सगळ्याजणी नुसता 'आ' धरतात — एक गट सा, दुसरा ग, तिसरा प. सव्वा मिनिटभर. इतका वेळ एका दमात कुणीच गाऊ शकत नाही. म्हणून युक्ती अशी असते की प्रत्येकीने वेगवेगळ्या जागी हळूच श्वास घ्यायचा. एक थांबली की बाकीच्या सूर धरून ठेवतात, ऐकणाऱ्याला तो अखंड वाटतो. मी कागदावर शेवटच्या ओळीत दहा चौकोन आखून दिले आणि सांगितलं, "आपापला चौकोन ठरवा. शेजारणीचा घेऊ नका."

मावशींची सून रंजना. तिने कपाळावरची टिकली काढून कागदावर आपल्या चौकोनात चिकटवली. बघता बघता सगळ्यांनी तेच केलं. सुलभाताईंनीसुद्धा, सहाव्या चौकोनात, मरून रंगाची. टिकली आली की श्वास. मी वीस वर्षं हे शिकवतोय, इतकी सोपी खूण मला कधी सुचली नव्हती.

फक्त मावशींकडे कागद नव्हता. त्यांना वाचता येत नव्हतं. सगळं पाठ.

आणि अडचणही मावशींचीच होती. शेवटच्या सुरात त्यांचा दम मध्येच संपायचा, आणि श्वास घेताना छातीतून शिट्टीसारखा आवाज यायचा. एवढ्या शांत सुरात तो ऐकू यायचाच. मला मात्र सूर अखंड हवा होता, रेकॉर्डिंग होणार होतं, मुंबईहून दोन जाणकार येणार होते... काय काय कारणं मी स्वतःला दिली! शेवटच्या तालमीनंतर मी त्यांना म्हटलं, "मावशी, शेवटच्या सुराला तुम्ही नुसत्या उभ्या राहा. गाऊ नका."

"बरं," त्या म्हणाल्या. दम्याचा पंप पिशवीत टाकला आणि पिशवीचं तोंड आवळून बांधलं. दिलेला शब्द मी किती सहज मोडला, ते मला त्या वेळी जाणवलंही नाही.

कार्यक्रम रविवारी संध्याकाळी सहाला होता. हॉल भरलेला. रचना उत्तम चालली होती. शब्द संपले, 'आ' सुरू झाला. मी हाताने चौकोन दाखवत होतो — पहिला, दुसरा... आणि सहाव्यावर आलो तेव्हा माझ्यासमोर सगळ्यांचे खांदे एकदम वर गेले.

सगळ्यांचे. तिन्ही गट, तिन्ही रांगा. सूर सोडून सगळ्याजणी एकदम श्वास घेत होत्या. कुणाचं तोंड मिटलेलं, कुणाचा नुसताच आ वासलेला.

माझा हात हवेतच राहिला. संपलं, असं वाटलं. पण सूर चालू होता. सा, ग, प... तिन्ही, जसेच्या तसे. ना हलले, ना बारीक झाले. दोन-तीन सेकंद असतील. मग पुन्हा सगळ्याजणी गायला लागल्या, सूर थोडा भरीव झाला, आणि दहावा चौकोन संपून मी हात खाली घेतला. टाळ्या थांबेनात. जाणकारांपैकी एकजण येऊन म्हणाला, "शेवट अप्रतिम. श्वास कळलाच नाही हो कुठे!"

मी "धन्यवाद" म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

हॉलमागच्या खोलीत गेलो तर कॉलनीतली एकजण हळूच म्हणाली, "सॉरी सर, सहाव्या चौकोनात माझा श्वास चुकून गेला. माझा खरा तिसरा." मी काही बोलायच्या आत दुसरी आली. तिचीही तीच चूक, तोच चौकोन. मग रंजना. "सर, कुनाला सांगू नका, पन मी सव्याला सोडला." प्रत्येकीला वाटत होतं की चूक आपल्या एकटीची झाली, आणि बाकीच्यांनी सांभाळून घेतलं.

तेव्हा मी एकीची फाईल उघडली. झालं होतं असं — गावातल्या बायकांचे कागद चुरगळलेले, हळदीचे डाग पडलेले. स्टेजवर बरं दिसत नाही म्हणून सुलभाताईंनी काळ्या फाईली आणल्या, स्वतःच्या नीटनेटक्या कागदाच्या झेरॉक्स काढल्या आणि कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी सगळ्यांना वाटल्या. झेरॉक्समध्ये त्यांची टिकली आली होती. काळा ठिपका, सहाव्या चौकोनात, पंचवीसच्या पंचवीस कागदांवर. दोन महिन्यांची तालीम एकीकडे आणि समोरचा कागद एकीकडे! माणूस कागदाचंच ऐकतो.

चूक कुठे झाली ते समजलं. पण मग सूर कुणी धरला?

घरी येऊन हेडफोन लावून रेकॉर्डिंग ऐकलं. सहाव्या चौकोनाला पंचवीस जणींच्या श्वासाचा एकदम आवाज आहे. अगदी स्पष्ट, सुपात धान्य सरकावं तसा. आणि त्याच्या मागे, कुठेही न तुटलेले तीन सूर.

पुढचा आठवडा मी फिजिक्सवाला झालो. हॉल रिकामा असताना जाऊन टाळ्या वाजवून पाहिल्या; घुमारा एका सेकंदात मरतो. तानपुऱ्याचं ॲप मीच शेवटाआधी बंद केलं होतं. पेटीवाल्याचे हात मांडीवर होते, व्हिडिओत दिसतात. जवळच्या कारखान्याची घरघर असते तिथे, पण तिचा सूर वेगळा आणि एकच. श्रोत्यांपैकी कुणी गुणगुणलं म्हणावं, तर रचना त्यांनी पहिल्यांदाच ऐकलेली.

एकच शक्यता उरली. यमुनामावशी. त्या मागच्या रांगेत होत्या, ना मला नीट दिसल्या ना व्हिडिओत. त्यांच्याकडे कागदच नव्हता, म्हणजे ठिपकाही नव्हता. मी नको म्हटलं तरी त्या गायल्या असणार. आता एका गळ्यातून तीन सूर निघत नाहीत, हे मलाही कळतं. पण बुडत्याला काडी... मला हायसं वाटलं. त्यांचे आभार मानायचे, असं ठरवलं.

मंगळवारी तालीम होती, कारण खोपोलीच्या एका संस्थेने दुसरा प्रयोग मागितला होता. सगळ्या आल्या. मावशी आल्या नाहीत. पुढच्या मंगळवारीही नाही. रंजना म्हणाली, "सर, त्या नाय येनार आता. तुमीच ईचारा त्यान्ला."

मी गावात गेलो. मावशी पडवीत वाल सोलत बसल्या होत्या. मी समोर बसलो आणि सरळच विचारलं, "मावशी, त्या दिवशी शेवटच्या सुराला तुम्ही गात होता ना?"

"नाय."

"मी रागावणार नाही. उलट—"

"तुमी सांगितलं व्हतं ना, गाऊ नको? मी नाय गायली, मास्तर. तोंड मिटून उबी व्हती."

मी जरा जवळ सरकलो. मग विचारलं, "तुम्हाला काही ऐकू आलं का?"

"तर! मला दुसरं काय काम व्हतं? समद्या जनी एकदम गप झाल्या. सूर चालूच. मी हिकडं बगितलं, तिकडं बगितलं... गात कोनीच नाय."

"भीती नाही वाटली?"

"भीती कसली? चांगला सूर व्हता की." त्यांनी दोन वाल सोलून टोपलीत टाकले. "वाईट वाटलं. म्हनलं, बघ यमुने... तुज्यावाचून अडलं नाय. कुनावाचूनच त्याचं अडत नाय. मंग मी येऊन काय करू?"

खरं सांगतो, तो सूर ऐकताना मी घाबरलो नव्हतो, पण हे ऐकून घाबरलो. सगळा आठवडा मी टाळ्या वाजवत, भिंती तपासत फिरत होतो, आणि ही बाई इथे घरात बसून आपण कुणालाच नको आहोत असं धरून चालली होती. तिला ते वाटायला लावणारा मीच होतो. हॉलमधलं ते जे काही होतं, त्याने फक्त माझ्या बोलण्यावर शिक्का मारला.

"मावशी," मी म्हटलं, "तुम्हाला गप्प बसवलं ही माझी चूक. शब्द देऊन मोडला. तो सूर कुठून आला मला माहीत नाही. पुन्हा येईल की नाही तेही माहीत नाही. मला तुम्ही यायला हव्या आहात."

त्यांनी मांडीवरची सालं झटकली. मग म्हणाल्या, "अन खोकला आला तर?"

"खोका."

"कार्यक्रमात?"

"कार्यक्रमात."

आत चुलीपाशी रंजना फिसकन हसली. मावशींनी तिला दटावलं, "दात काय काढतेस गं? च्या ठेव मास्तरांना." आणि मग माझ्याकडे न बघताच, "मंगळवारी दोनला ना? येवडे वाल उरकले की येते."

मोहोपाड्याला त्या दोन-तीन सेकंदांत सूर कुणी धरला होता, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. रेकॉर्डिंग मी दोन आवाजतज्ज्ञ मित्रांना ऐकवलं. एकजण म्हणाला माईकचा काहीतरी घोळ असेल. दुसऱ्याने तीनदा ऐकलं आणि विषय बदलला. बायको म्हणते, त्या जागेतच काहीतरी चांगलं आहे. मी अजून 'मिरच्या जुन्या असतील' असलं काही उत्तर शोधतोय.

खोपोलीचा प्रयोग एका शाळेच्या मैदानात झाला. कागद प्रत्येकीचा स्वतःचा, मीच तपासलेला. शेवटचा 'आ' सुरू झाला, आणि अर्ध्यावर मावशींना ठसका लागला. चांगला जोरात. शेजारच्या दोघी गोंधळल्या, त्यांच्या पलीकडच्या थांबल्या, बघता बघता सगळ्याच गप्प झाल्या आणि सूर तुटला. मैदानात नुसता रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज. मी कान देऊन वाट बघितली, खोटं कशाला बोलू? कुठूनही काही आलं नाही. मग मावशींनी पदराने तोंड पुसलं, मान वर केली आणि एकटीने सूर उचलला. बाकीच्या पंचवीस जणी त्यांच्या मागून आल्या.