अर्धा आटा ढिला

बाजारपेठेतल्या चिंचोळ्या दुकानात बसणारे भिंगकाका कामाला चोख होते. नाकावरून घसरणारी फ्रेम असो की कानामागे टोचणारी काडी, कुरकुरत आत आलेला माणूस हसत बाहेर पडणार. फक्त एका गिऱ्हाइकापुरता हा चोखपणा ते खुंटीला टांगून ठेवत. पोस्टातून निवृत्त झालेल्या बाईंच्या चष्म्याचा डावा स्क्रू ते दरवेळी अर्धा आटा ढिला सोडत. महिन्याभरात काडी लुळी पडे आणि बाई दारात हजर!

"काय हो, तुमचा स्क्रू टिकत का नाही?"

"तुम्ही चष्मा एका हातानं काढता ना, म्हणून." काका साळसूद चेहऱ्यानं थाप मारत.

अकरा वर्षं हे असंच चाललं होतं. दोघंही एकटी. चष्मा बसवताना काकांची बोटं बाईंच्या कानाला लागत, तेवढ्यावर त्यांचा पुढचा महिना निघे. मनातलं बोलायचं म्हटलं की काका स्क्रूचंच बोलत.

त्या सकाळी मात्र बाई म्हणाल्या, "स्क्रू राहू द्या. सहा महिन्यांपूर्वीचा नंबर परत कमी पडतोय. बस अगदी पुढ्यात येईपर्यंत पाटी दिसत नाही."

काकांनी भिंगामागून भिंग बदललं, पण तक्त्यावरच्या खालच्या ओळी बाईंना काही दिसेनात. टॉर्चच्या उजेडात बाहुली धुरकट दिसली. मोतीबिंदू. नंबर थोडा वाढवून अजून वर्षभर ओढता आलं असतं. बाईंनी तोही चष्मा मुकाट्यानं घेतला असता. खोटं कशाला बोला, काकांना मोह झालाच.

"हे माझ्या हातातलं काम नाही," ते म्हणाले. "डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. मी चिठ्ठी देतो."

"ऑपरेशननंतर चष्मा राहील?"

"लांबचा जाईल. वाचायचा तिथंच मिळेल."

"म्हणजे इकडे यायचं काही कारण उरलं नाही."

"नाही," म्हणत काका चिठ्ठीवर वाकले. इतकं सुवाच्य अक्षर त्यांनी आयुष्यात काढलं नव्हतं.

आठ दिवस बाई फिरकल्या नाहीत. दार वाजलं की काका मान वर करत. एकाच्या फ्रेममध्ये त्यांनी दुसऱ्याचीच भिंगं बसवली आणि बोलणी खाल्ली. नवव्या दिवशी दुपारी बाई हॉस्पिटलचा फॉर्म घेऊन आल्या.

"सोबत कुणी असल्याशिवाय ऑपरेशन करत नाहीत म्हणे. मी तुमचं नाव सांगितलंय. आता भरा तुम्हीच, मला अक्षरं दिसत नाहीत."

काकांनी आपलं नाव लिहिलं. पुढचा रकाना होता 'रुग्णाशी नातं'. तिथं पेन अडलं. बऱ्याच वेळानं त्यांनी लिहिलं, 'चष्मेवाला'.

"काय लिहिलंत?"

काकांनी वाचून दाखवलं.

बाईंनी फॉर्मवर बोट टेकवलं. मग म्हणाल्या, "खोडा ते."

काकांनी खोडलं. त्या जागी काय लिहायचं, ते मात्र बाईंनी सांगितलं नाही. स्टूल ओढून त्या समोर बसल्या आणि वाट पाहू लागल्या.