एका चुलीचा विमा

दीपनगरच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत नोकरीची वर्षं काढलेली आम्ही सहा कुटुंबं. निवृत्तीनंतर देवपुरात जागा घेऊन भिंतीला भिंत लावून घरं बांधली. स्वयंपाकघर मात्र एकच, मधल्या अंगणालगत. तो हट्ट माझ्या यजमानांचा. "दोघांतलं एक आधी जाणारच," ते म्हणायचे. "मागे राहील त्यानं एकट्यानं जेवायला बसू नये." म्हणून आमच्या घरांत ओटे नव्हतेच, चहापुरती एकेक शेगडी.

श्रावणात ते गेले. सहा घरांत मागे राहिलेली पहिली मीच. त्यानंतर मी पहिल्यांदा पंगतीत बसले, तेव्हा शेजारच्या अक्कांनी माझ्या ताटात भाकरी मोडून ठेवली. त्या महिन्यांत मला वाचता येत नव्हतं, झोप येत नव्हती. तिथं बसून जेवता मात्र येत होतं.

दिवाळीनंतर मीटरच्या पेटीत ठिणगी उडून एका घराचा पडदा जळाला आणि सगळ्यांना विम्याची आठवण झाली. जमीन आमच्या सहा घरांच्या गृहनिर्माण संस्थेच्या नावावर, भिंती सामाईक, त्यामुळे पॉलिसीही सगळ्यांची मिळून एकच काढावी लागणार होती. पाहणीसाठी जळगावहून एक साहेब यायचे ठरले. थंडीत घरी पाहुणा येणार आणि त्याला भरीत द्यायचं नाही, हे आमच्यात कुणाला सुचणार? आमच्यातले मूळचे धरणगावचे नाना सकाळपासून कामाला लागले. भिंतीशी रचलेल्या कापसाच्या वाळक्या काड्या त्यांनी अंगणात पेटवल्या आणि जाळावर वांगी भाजली. साहेब पोटभर जेवले.

"आठे बठ्ठासनी एकच चूल शे, साहेब," नाना सहाही घरांवरून हात फिरवत अभिमानानं म्हणाले.

"रोज?"

"रोज! लग्नघर समजा."

साहेबांनी हात धुतले आणि फोटो काढायला सुरुवात केली. "भरीत एक नंबर, नाना. पण याला राहतं घर कसं म्हणू? उघडा जाळ, काड्यांची गंजी, एका खोलीत एवढे सिलिंडर. कागदावर ही खानावळ होते."

"खानावळीत पैसे घेतात," अक्का म्हणाल्या. "तुमच्याकडून घेतले का?"

साहेब हसले. माणूस वाईट नव्हता. जाताना त्यांनीच वाट सांगितली. प्रत्येकाचं स्वयंपाकघर ज्याच्या त्याच्या घरात असेल, तर साध्या घराचा दर लागेल.

खानावळीचा दर आमच्या पेन्शनला झेपणारा नव्हता. त्या रविवारी सगळे अंगणात जमले. आकडे पुन्हा पुन्हा मांडून झाले.

"वहिनी, तुम्ही नही म्हणा," नाना शेवटी म्हणाले, "म्हणजे इषय बंद."

ते मनापासून म्हणत होते. पण त्यांच्या घरी कायमचं आजारपण होतं, आणि अक्कांचा जीव पडदा जळाल्यापासून थाऱ्यावर नव्हता. यजमान असते तर दहा कार्यालयांत गेले असते, भांडले असते, काहीतरी तोड काढून आले असते. माझ्यात तेवढी ताकद नव्हती. मी म्हटलं, "ओटे बांधून घेऊ."

अक्का उठून आत गेल्या. नानांनी मान खाली घातली ती वर केलीच नाही.

संक्रांतीच्या सुमारास पॉलिसी आली, परवडणाऱ्या दरात. मोठी पातेली वाटून घेताना कुणीच मोठं पातेलं घेईना. गवंड्यानं माझ्या खिडकीखाली छोटा, चांगला ओटा बांधून दिला.

पहिल्या संध्याकाळी सहा घरांतून सहा वेगवेगळ्या वेळी फोडणीचे वास आले. मी खिचडी टाकली. एकटीसाठी तांदूळ किती घ्यायचे ते कळेना, म्हणून दोनदा काढून परत डब्यात टाकले. तेवढ्यात अक्का वाटीत भाजी घेऊन आल्या.

"बसा ना," मी म्हटलं.

"बसले असते गं. पण ह्यांचं ताट वाढून ठेवलंय."

त्या घाईनं गेल्या. मी दार लोटून घेतलं. भाजी अजून गरम होती. ताट घेऊन मी बसले, भिंतीकडे तोंड करून, आणि पहिला घास बराच वेळ हातातच राहिला.