फ्रिज उघडायला लावणाऱ्या आक्का

शालन आक्कांनी चार वर्षांत मला एकदाही माझ्या नावाने हाक मारली नाही. राजारामपुरीच्या एका गल्लीत त्यांची मेस होती आणि तिथे जेवणाऱ्या प्रत्येकाला त्या त्याच्या गावाच्या नावाने बोलवायच्या. "गगनबावडा, भात घे की अजून. गारगोटी, ताट उचल. आजरा, भाजीला नाक मुरडू नकोस, तुझ्या बाऽनं पैसं भरल्यात." आजरा म्हणजे मी. पहिल्या दिवशी मला भयंकर राग आला होता. इंजिनिअरिंगला आलेल्या मुलीला असं तालुक्याच्या नावाने ओरडून बोलवायचं म्हणजे काय! पण महिन्याभरात मीसुद्धा मैत्रिणींची खरी नावं विसरले. आजही माझ्या मोबाइलमध्ये निम्म्या कोल्हापूर जिल्ह्याचे तालुके सेव्ह केलेले आहेत.

आक्का ठेंगण्या, आवाजाने मात्र दोन मजले उंच. साठी ओलांडलेली, डोळ्यांवर जाड चष्मा, आणि बोलणं असं की नवीन माणसाला वाटावं, या आपल्याशी भांडतायत. शाळा चौथीपर्यंतच झालेली. पण त्यांच्या मेसमधून गेलेली पोरं कुठल्या कुठल्या देशांत पसरली होती, आणि त्या सगळ्यांचा समाचार आक्का घ्यायच्या. दुपारची पंगत आटपली की सूनबाई पाण्याच्या जगाला मोबाइल टेकवून ठेवायची आणि आक्का व्हिडिओ कॉल लावायच्या. पलीकडे एखादा मुलगा हसत "नमस्कार आक्का, कशा आहात?" म्हणायला लागला की आक्का त्याला मध्येच तोडायच्या.

"ते ऱ्हाऊ दे. फ्रिज उघड."

मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पाणी पिता पिता मला ठसका लागला. परदेशात नोकरी करणारा, टाय लावलेला माणूस मुकाट्याने उठला आणि त्याने फ्रिजचं दार उघडून मोबाइल आत फिरवला. आक्का चष्मा वर करून एकेक फळी बघत होत्या. "खालचा खण दाखीव. कोथिंबीर कवाची हाय? बरं. लाव दार. आता सांग, कसा हायस?"

यामागे एक गोष्ट होती, ती मला त्यांनी एकदा गवारीच्या शेंगा मोडताना सांगितली. फार वर्षांपूर्वी हातकणंगल्याचा एक मुलगा परदेशातल्या फार मोठ्या नावाच्या युनिव्हर्सिटीत गेला. गावात त्याचा सत्कार झाला, बॅनर लागला, आक्काही नारळ घेऊन गेल्या. तो फोनवर दर वेळी म्हणायचा, मजेत आहे. आठ-नऊ महिन्यांनी तो शिक्षण अर्धवट टाकून परत आला. दिवसा कॉलेज, संध्याकाळी हॉटेलात भांडी, असं करता करता आजारी पडला होता. फी झेपत नव्हती आणि घरी सांगायची लाज वाटत होती. पुढे तो कोल्हापुरात आला तरी मेसच्या गल्लीत कधी फिरकला नाही.

"चूक माझी," आक्का म्हणाल्या. "मी इच्यारायची, बरा हायस न्हवं? बरा हायस का म्हटल्यावर माणूस बरा हाय असंच सांगतंय. काय जेवलास म्हणून इच्यारलं असतं तर घावला असता. तिथनं पुढं मी तोंडाला इच्यारतच न्हाय, फ्रिजला इच्यारते." एवढं बोलून त्यांनी शेंगांची पाटी माझ्याकडे सरकवली. मीही शेंगा मोडायला घेतल्या.

शेवटच्या वर्षाला मी स्वतःच परदेशाच्या मागे लागले. मला अन्नप्रक्रियेचं पुढचं शिक्षण घ्यायचं होतं. आजऱ्यात आमच्या बाबांचं काजू फोडायचं छोटं युनिट आहे. आठ बायका कामाला, दोन जुनी मशिनं आणि एक वाळवणीचं कपाट, जे मनात आलं तर गरम होतं. लहानपणापासून मला वाटायचं, या कपाटाला कुणीतरी अक्कल शिकवली पाहिजे. तर मी लॅपटॉपवर एक भलामोठा तक्ता केला. युनिव्हर्सिटीचं नाव, जागतिक क्रमांक, फी, राहण्याचा खर्च. पहिल्या शंभरातल्या हिरव्या, दोनशेपर्यंतच्या पिवळ्या, त्याखालच्या लाल. सहा महिने मी त्या तक्त्याची पूजा करायचीच काय ती बाकी ठेवली होती.

मार्चमध्ये दोन ठिकाणची प्रवेशाची पत्रं आली. एक लंडनची युनिव्हर्सिटी, गडद हिरवी. दुसरी जर्मनीतल्या एका लहानशा गावातली, जिथे फी जवळजवळ नव्हतीच, पण क्रमांक चारशेच्याही पुढे. मी लाल रंगाकडे बघितलंही नाही. बाबांना लंडनचं सांगितलं. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, म्हणाले, "गडहिंग्लजचा एक जण युनिट घ्यायला तयार हाय. कर्ज काढून वर एवढं केलं की बसतंय. शनिवारी विसाराचं पैसं घेतो, म्हंजे सौदा पक्का." मी फोनवर "बरं" म्हणाले. इतक्या सहज म्हणाले की आज आठवलं तरी अंगावर काटा येतो.

आक्कांना पेढे द्यायला गेले, लॅपटॉपवरचा तक्ता दाखवला, शनिवारच्या सौद्याचंही सांगितलं, तेव्हा त्यांनी पेढा तसाच हातात धरला. "ह्यो नंबर कशाचा?"

मी मोठ्या उत्साहाने समजावलं. प्राध्यापकांचे किती शोधनिबंध छापले जातात, जगातले इतर प्राध्यापक काय म्हणतात, बाहेरच्या देशांतली मुलं किती, वगैरे.

"समद्या कॉलेजाचा नंबर का तुझ्या वर्गाचा?"

"सगळ्या युनिव्हर्सिटीचा."

"आजरा, तू माझ्याकडं किती वर्सं जेवतीस? चार. ह्या मेसचं नाव कशासाठी हाय? पांढऱ्या रश्श्यासाठी. कराडपासनं लोकं येत्यात. आणि तू खातीस काय? वरण-भात आणि दोडका. मग माझ्या नावाचा तुला काय उपेग झाला, सांग की."

कोल्हापुरात राहून मटणाच्या वाटेला न जाणाऱ्या मोजक्या माणसांतली मी एक होते. त्यांनी तक्त्यावर बोट ठेवलं. "आणि ह्यो राहायचा खर्च कुणी सांगितला?"

"त्यांच्याच वेबसाइटवर आहे."

"म्हंजे दुकानदारालाच इच्यारलंस, माल कसा हाय म्हणून. शाबास! बाऽला बोलावून घे. शनिवारच्या आदी."

मी चिडले. घरी कुणी कधी मला आडवं आलं नव्हतं, आणि या कोण मेसवाल्या बाई! पण आक्कांनी मला बोलवू न देता स्वतःच फोन केला आणि शुक्रवारी बाबा पहिल्या एसटीने येऊन हजर झाले. इस्त्रीचा शर्ट, आणि काजूच्या टरफलाच्या तेलाने काळी पडलेली बोटं खिशात लपवलेली.

"पावणं, आदी जेवा," आक्का म्हणाल्या. बाबा जेवले. मग आक्कांनी पाण्याचा जग पुढे ओढला.

पहिला फोन लागला तो लंडनला. आमच्या दोन वर्षं पुढे असलेला, आता लंडनच्या त्याच कॉलेजात शिकणारा, खरं नाव रोहन, पण आक्कांसाठी "गगनबावडा, फ्रिज उघड." तिथे सकाळ होती. तो डोळे चोळत उठला. फ्रिज पाच जणांत एक. त्याच्या वाट्याच्या फळीवर अर्धा पाव, दूध आणि जॅमची बाटली.

"त्ये चिकन कुणाचं?"

"ते माझं नाही आक्का. त्यावर चिठ्ठी चिकटवलीय बघा नावाची."

बाबा खुर्चीत पुढे सरकले. रोहनने काही लपवलं नाही. कॉलेज खरंच उत्तम आहे, म्हणाला, शिकवणारे असे आहेत की ऐकत राहावं. फक्त खोली स्वस्त पडावी म्हणून दीड तास लांब राहतो, आठवड्याला तीन दिवस एका गोदामात काम करतो आणि त्यापायी लेक्चर बुडतात. "पण माझ्या काकांनी पैसे घातलेत, मला ते फेडायची घाई नाही. तुझं कसं आहे ते तू बघ." शेवटचं वाक्य माझ्यासाठी होतं.

दुसरा फोन जर्मनीला, त्याच लहानशा गावात शिकणाऱ्या गारगोटीच्या मनीषाला. तिच्या फ्रिजमध्ये राजमा होता, दही होतं, कोथिंबीर होती, आणि ओट्यावर कुकर. आक्कांचा चेहरा निवला. मनीषाने मात्र पहिल्यांदा तक्रारीच केल्या. "गाव लई कंटाळवाणं हाय आक्का. रविवारी रस्त्यावर कुत्रंबी दिसत न्हाय. भाषा आल्याबिगर धड मीठबी घेता येत न्हाय. आणि यायच्या आधी वर्षाचा खर्च बँकेत अडकवून ठेवावा लागतोय, तेवढं कर्ज काढावंच लागतंय." मग मी न राहवून विचारलं, लॅब कशी आहे. ती म्हणाली, तुमच्या विषयाच्या इमारतीत अख्खा छोटा कारखानाच मांडलाय, वाळवणीची मशिनं पोरंच चालवतात आणि पोरंच बिघडवतात.

फोन बंद झाला. बाबा हळूच म्हणाले, "आक्का, लोकं इच्यारत्यात पोरगी कुठल्या कॉलेजात हाय. सांगताना बरं वाटाय पायजे ओ."

"वाटंल की. सांगाय किती येळ लागतोय? दोन मिंटं. आणि राहायचं तिला दोन वर्सं." आवाज जरा खाली आणून त्या म्हणाल्या, "पावणं, नंबर खोटा हाय असं मी म्हणत न्हाय. पर त्या नंबरापायी तुमच्या आठ बायका उद्या कुठं जातील, त्ये त्या तक्त्यात कुठं हाय?"

मी हात धुवायच्या जागी जाऊन रडले. पुष्कळ रडले, आणि खरं सांगायचं तर आठ बायकांसाठी नाही. कॉलेजातल्या मैत्रिणींना आता काय तोंड दाखवू, या विचाराने. बाहेर आले तेव्हा बाबा चपला घालत होते. "तू म्हणशील तसं," एवढंच म्हणाले. ते खरोखर विकायला तयार होते आणि तेच मला सहन होईना. त्यांना एसटीत बसवलं. गाडी सुरू झाल्यावर खिडकीपाशी धावत जाऊन ओरडले, "बाबा, विसार घेऊ नका!" कंडक्टरसकट सगळ्या गाडीने ते ऐकलं.

त्याला आता चार वर्षं झाली. मी त्याच लाल रंगातल्या गावात शिकले आणि आता तिथेच एका वाळवणयंत्राच्या कंपनीत नोकरी करते. मध्यंतरी पंधरा दिवसांसाठी आले तेव्हा आधी मेस गाठली. आक्कांच्या गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आहेत, मेस सूनबाई बघते. आक्का दारातल्या खुर्चीत बसतात आणि आवाज मात्र अजून दोन मजली आहे. मला वाटलं होतं, उड्या मारतील. त्यांनी मला शेजारी बसवलं, हात धरला आणि इकडेतिकडे बघून विचारलं, "आजरा, खरं सांग. मी तुझं नुसकान तर न्हाय केलं?"

ही बाई कधी कशाबद्दल साशंक असते हे मला माहीतच नव्हतं. "चार वर्सं डोस्क्यात हाय," त्या म्हणाल्या. "चौथी शिकलेली बाई मी. एवढ्या मोठ्या कॉलेजातनं पोरीला मागं वढली. रातीला वाटायचं, कुणी सांगितलं हुतं मला?"

हसून "काहीतरीच काय आक्का" म्हणणं सोपं होतं. पण त्यांच्याशी खोटं बोलायची माझी छाती झाली नाही. म्हणाले, झालं थोडं नुकसान. पहिली थंडी मी एकटी रडत काढली, तुम्हाला शिव्या देत. भाषेच्या परीक्षेत दोनदा नापास झाले. नोकरीला आठ महिने लागले. पुण्यात अर्ज टाकला की कंपन्या अजून विचारतात, हे कुठलं कॉलेज? लंडनच्या नावाने काही दारं लवकर उघडली असती. आणि दुसऱ्या बाजूला हेही खरं, की मी एकही प्रॅक्टिकल बुडवलं नाही, कर्ज माझ्या पगारातून फिटतंय, आणि बाबा आजही सकाळी आठला युनिटचं कुलूप स्वतः उघडतात. तिथल्या वाळवणीच्या कपाटाचं काय करायचं याची चित्रं काढून मी सोबत आणली आहेत. पुन्हा निवडायचं झालं तर मी हेच निवडेन, आक्का.

आक्कांनी सगळं ऐकून घेतलं. माझा हात सोडला नाही. मग म्हणाल्या, "आत एक पोरगी हाय. नेसरीची. तुझ्यासारकाच तक्ता घिऊन दोन दिस झालं बसलीया. तिला सांगू का नको, कळंना झालंय."

"सांगा की. पण माझं नुकसानही सांगा."

"मी कशाला? तूच सांग." आणि आत तोंड करून त्या ओरडल्या, "नेसरी! भाईर ये. वही घिऊन ये. आणि माझं काय ऐकू नकोस, ही सांगतीया त्ये ऐक."

मुलगी आली, माझ्यासमोर पायरीवर बसली. कागदावर तेच हिरवे-पिवळे-लाल रंग होते. तिने पेनाचं टोपण काढलं, आणि मी पहिल्या थंडीपासून सांगायला सुरुवात केली.